यंत्राला लोबान

ते मुलगी बघायला आले नव्हते, म्हैस बघायलाही नाही. ते शहर बघायला आले होते.

"चार दिवस राहून बघतो, काकू," जिन्यात उभा राहून सलील म्हणाला. तो पुण्याचा. अर्धी दाढी पिकलेली, पायात टायरच्या चपला. "हे शहर आम्हाला मानवतं का ते कळलं, की कायमचं काय ते ठरवू."

"अन् मानवलं नाई तर?" रशिदाने विचारलं.

"मग पुढचं. दोन बघून झाली, यादीत अजून दोन आहेत."

रशिदाने मान डोलावली. छप्पन्न वर्षं ती चंद्रपुरात राहत होती. हे गाव तुला मानवतं का, असं तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि आपण गावाला मानवतो का, हे विचारायचं तिच्याकडूनही राहून गेलं होतं.

एरवी असल्या लोकांना तिने चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण तिला वरच्या मजल्यावर माणसं हवी होती, तीही होळीच्या आत. मागच्या मे महिन्यात गच्चीवरचे पापड उचलताना तिला भोवळ आली आणि शेजारच्या गुणाबाईचं लक्ष जाईपर्यंत ती तासभर तापल्या फरशीवर पडून होती. "पापड भाजून निघाले, बाई तेवढी कच्ची राह्यली," असं गुणाबाई अजून सांगत फिरायची. रशिदाच्या लेकाने, नागपूरच्या आकिबने, तेव्हापासून एकच धोशा लावला होता. "अम्मी, होळीपर्यंत वर कोणी राहायला आलं तर ठीक. नाई तर घर विकायचं आणि तू माझ्याकडे." आकिबचं घर अकराव्या मजल्यावर होतं. तिथे शेजारी म्हणजे दारावरच्या पाट्या. आणि हे घर तिच्या नवऱ्याने, रहीमने, जन्मभर लोकांचे कूलर दुरुस्त करत, एकेक खोली वाढवत बांधलं होतं. रहीम गेला तरी ते घर रहीमचंच होतं. होळी नऊ दिवसांवर आली होती.

म्हणून रशिदाने चावी दिली. संशय मात्र आपल्याजवळ ठेवून घेतला.

संशयाला जागा होती. भाड्याने घर बघायला येणारा माणूस विचारतो, नळ कितीला येतो, गाडी कुठे लावायची. यांनी विचारलं, ओला कचरा कुठे जातो, न्हाणीचं पाणी कुठे जातं, पोरं शाळेत चालत जातात का, आणि गल्लीतल्या मुली सायकल चालवतात का.

"सायकल?" रशिदा म्हणाली. "गुणाबाईची नात तर जेसीबी चालवतो म्हणते."

सलीलच्या बायकोने, मृण्मयीने, हे वहीत लिहून घेतलं आणि पुढे बरोबरची खूण केली.

मग नावांचं निघालं. सलील, मृण्मयी, इथपर्यंत ठीक होतं. "पुढे?" रशिदाने विचारलं.

"पुढे काही नाही. आम्ही आडनाव लावत नाही."

रशिदाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचं आडनाव ऐकून लोकांची तोंडं कशी बदलतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. आडनाव असून काढून ठेवणारा माणूस मात्र तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"आणि लेकरू?"

"मी तृणा," सात वर्षांची पोर म्हणाली. "तृणा म्हणजे गवत."

ही बातमी कुंपणाच्या भिंतीवरून गुणाबाईकडे पोचायला पाच मिनिटं लागली. गुणाबाई भाजी विकायची, आणि भाजीबरोबर बातम्या. "गवत?" ती म्हणाली. "पोरीचं नाव गवत? आपल्याकडं तर गवत उपटून टाकते वो माणूस."

"आडनाव बी नाई सांगत."

"म्हणजे काहीतरी हाये," गुणाबाई म्हणाली. "तू लक्ष ठेव. मी बी ठेवतो."

दोघींनी लक्ष ठेवलं. वरच्या खिडकीत त्या लोकांनी डब्याएवढं एक पांढरं यंत्र ठेवलं होतं. त्यात आकडे दिसायचे. सकाळी आकड्यामागे पिवळा उजेड असायचा, दुपारी नारिंगी. सकाळी उठल्यावर नवरा-बायको आधी यंत्राकडे बघायचे, मग एकमेकांकडे, मग चहाकडे. ते हवा मोजतं म्हणे. रशिदाला हे पटलं नाही. हवा काय कापड आहे मोजायला?

आणि मंगळवारी दुपारी गुणाबाई भिंतीशी आली ती आवाज खाली आणूनच.

"रशिदाबाई, टेप लावून राह्यले."

"कायले?"

"तुह्या गच्चीले. तो टेप धरते, ती लिहिते. लांबी बी, रुंदी बी. फोटू बी काढून राह्यले." गुणाबाईने इकडेतिकडे पाहिलं. "माह्या दिराचं घर इकलं तवा असाच माणूस आलता. आधी टेप, मग फोटू, मग घर दुसऱ्याचं."

रशिदाच्या हातातले तांदूळ निवडायचे राहिले. कचरा, न्हाणी, वही, टेप, लपवलेलं आडनाव. सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं आणि ओळीच्या टोकाला तिला आकिब दिसला. पोराने होळीचीसुद्धा वाट बघितली नाही. घराची किंमत करायला माणसं पाठवली, तीही भाडेकरूच्या वेषात, लेकरू बरोबर देऊन.

"बरं," रशिदा म्हणाली. "किंमत काढतात काय? काढू दे. मीच पाडते."

संध्याकाळी ती चहा घेऊन वर गेली आणि खुर्चीवर ऐसपैस बसली. "खरं सांगू का तुम्हाले," तिने सुरुवात केली, "हा मजला उन्हाळ्यात तवा होते. एसी तर इथी चालतच नाई. वायरिंग जुनं हाये."

"आम्ही एसी वापरतच नाही," मृण्मयी म्हणाली. वहीत बरोबरची खूण.

"माकडं येतात. काळ्या तोंडाची. डबे उघडून नेतात."

"वानरं," सलील पुढे सरकला. "टोळी किती मोठी?"

"मी कुठी हजेरी घेतली? वीस-पंचवीस असतील." खूण.

"मागच्या चिंचेवर वटवाघळं लटकतात. शंभर-दोनशे."

तृणाने आईचा हात घट्ट धरला, भीतीने नव्हे. मृण्मयीने दोन खुणा केल्या.

रशिदाने शेवटचं हत्यार काढलं. खरं तर हे सांगायची तिला लाज वाटत होती. "अन् न्हाणीचं पाणी गटारात जातच नाई. पाइप फुटला तवापासून पपईलेच जाते."

सलीलने वही बायकोच्या हातातून घेतली आणि स्वतः खूण केली. "काकू," तो भारावून म्हणाला, "यासाठी आम्ही पुण्यात सोसायटीला चार वर्षं पत्रं लिहिली."

रशिदा रिकामे कप घेऊन खाली आली ती थेट कुंपणाच्या भिंतीशी गेली. जितकं वाईट सांगावं तितकी किंमत चढत होती.

"धूळ सांगितली काय?" गुणाबाईने विचारलं.

धूळ सांगायची राहिली होती. सांगायची म्हणजे काय, चंद्रपुरात धूळ कोणी कोणाला सांगत नाही. ती खाणीतून येते, ट्रकमधून येते की चिमणीतून, यावर गल्लीत तीन पक्ष होते. ती येते आणि काळी असते, यावर एकमत होतं. रशिदा रोज पहाटे नमाजच्या आधी गच्ची झाडायची, खिडक्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसायची. तीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

बुधवारी तिने झाडू उचलला नाही. सकाळभर हात शिवशिवत होता. एकदा तर ती गच्चीच्या दारापर्यंत जाऊन परत आली. दुपारी तृणा अनवाणी गच्चीवर खेळली आणि घरभर फिरली, आणि वरच्या मजल्याच्या फरशीवर पोरीच्या पावलांची काळी नक्षी उमटली. मृण्मयीने वाळत घातलेली पांढरी चादर करडी होऊन उतरली.

"काकू, हे रोजचं आहे का?" सलीलचा आवाज बारीक झाला होता.

"रोजचं कुठी," रशिदा म्हणाली. "आज तर कमीच हाये."

भिंतीवरून गुणाबाईने हातभार लावला. "दिवाळीत पांढरा रंग द्या, होळीत काळा होते. रंगवायची मजुरी तेवढी जाते."

सलीलने वही मिटली. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. आपापली आशा दोघांनी एकाच वेळी सोडून द्यावी, तसे. त्या दिवशी रशिदा दोन घास जास्त जेवली.

गुरुवारी सकाळी तिने विजयाच्या भरात आकिबला फोन लावला. "तुही माणसं उद्या परत येतील. हात हलवत."

"कोणती माणसं?"

"तेच. टेपवाले."

"अम्मी, कसम से, मी कोणाला पाठवलं नाई. माझा दलाल तर होळीच्या दुसऱ्या दिवशी येणार आहे."

रशिदाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे दलाल हाये," रशिदा म्हणाली.

"ते वेगळं आहे, अम्मी."

"मंग हे वरचे कोन?"

"भाडेकरू असतील ना. पाटी तूच लावली ना गेटवर."

रशिदा वेताच्या मोढ्यावर बसली. नऊ महिन्यांत अल्लाने एक कुटुंब धाडलं होतं, तेही माकडांसकट राहायला तयार असलेलं. आणि तिने आपल्या तोंडाने ते हाकलून दिलं होतं. गच्चीचा टेप कशाला, हे तिने आता कुठे तृणाला विचारलं. पावसाचं पाणी साठवायला टाकी केवढी बसेल, ते बाबा बघत होते.

"आता काय करतं वो?" गुणाबाई म्हणाली.

"धुते," रशिदा म्हणाली.

थोड्या वेळाने ती तिघं शाळा बघायला बाहेर पडली. दोघी बायांनी मोटर लावली, पाइप वर नेला आणि गच्ची धुतली. मग जिना धुतला, खिडक्या धुतल्या, समोरची भिंत धुतली. लिंबाच्या झाडापाशी गुणाबाई थांबली. "पानं बी पुसू काय?"

"पूस. हिरवं हिरवं दिसलं पाह्यजे त्याइले."

लिंबाचं शेवटचं पान पुसून होत होतं तेव्हा मृण्मयी फाटकात येऊन उभी राहिली. फाटकाखालून पाण्याचा ओघळ निघून रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेला होता.

"टाकी फुटली का, काकू?"

"नाई वो. तुमच्यासाठीच धुतलं सगळं."

"किती पाणी लागलं?"

"दोन टाक्या," रशिदा अभिमानाने म्हणाली. "कसर नाई केली."

मृण्मयीने डोळे मिटले, उघडले, आणि वहीत एक आडवी रेघ मारली. रेघ बरीच लांब होती. मग ती नवऱ्याला घेऊन तलावाकडे फिरायला निघून गेली. सकाळी ते जाणार होते.

आता माणसाच्या हातात काही उरलं नव्हतं. तशात गुरुवार होता. दर गुरुवारी सूर्य मावळताना, मगरिबच्या अजानच्या वेळेला, रशिदा निखाऱ्यावर लोबान टाकून त्याचा धूर खोलीखोलीत फिरवायची. तिच्या सासूने दिलेला रिवाज. घरात बरकत राहते, नजर उतरते, आलेला माणूस टिकतो. आज तिने तिप्पट लोबान काढला.

"कमी टाक वो," धूपदाणीला वारा घालत गुणाबाई खोकली.

"आज कमी करून जमत नाई."

धूपदाणी घेऊन ती वर गेली. चारी कोपऱ्यांत फिरवली, दारावर फिरवली, तृणाच्या पुस्तकांवरून फिरवली. मग तिचं लक्ष खिडकीतल्या यंत्राकडे गेलं. चार दिवस ती बघत होती. या घरातला कर्ता पुरुष हाच. हा हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही. रशिदाने धूपदाणी त्याच्यापुढे धरली आणि बिस्मिल्ला म्हणून तीनदा ओवाळली.

यंत्राने लगेच दखल घेतली. नारिंगीचं लाल झालं, लालचं जांभळं. आकडा दोनशे, चारशे, सहाशे असा चढत गेला. रशिदाच्या अनुभवात चढणारा आकडा चांगलाच असायचा.

"पाह्य," ती गुणाबाईला म्हणाली, "कसं खुललं. लागली दुवा."

बरकत बाहेर जाऊ नये म्हणून तिने खिडक्याही लावून घेतल्या.

पंधरा मिनिटांत रिक्षा फाटकाशी कचकन थांबली. सलील उतरला तो नाकाला रुमाल लावून. "काकू, वर जाऊ नका. तृणा, तू रिक्षातच बस. मी एकटा जाऊन सामान आणतो, आम्ही आत्ताच निघतोय."

"झालं काय?"

"हवा," त्याने मोबाइल पुढे केला. यंत्राचे आकडे मोबाइलमध्येही यायचे, हे रशिदाला आत्ता कळलं. "धूळ आम्ही सोसली असती. आमच्या पुण्याच्या चौकातही फार वेगळं नाहीये. पण हे बघा. नऊशे. आणि अजून चढतंय."

पडद्यावर चार दिवसांची रेघ होती. ती सपाट माळासारखी चालत आली होती आणि शेवटी ताडासारखी उभी राहिली होती. रशिदाने त्या ताडावर बोट ठेवलं. "हे कितीचं हाये?"

"सहा पंचविसाचं."

सहा पंचवीसला अजान झाली होती. रशिदाने गुणाबाईकडे पाहिलं. गुणाबाईने लिंबाकडे पाहिलं.

गप्प राहणं सोपं होतं. माणसं जातील, दलाल येईल, अकरावा मजला येईल. पण पुण्याच्या लोकांसमोर आपण खुळ्या ठरणार नाही. रशिदाने एवढा विचार केला आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. आकिब, टेप, दलाल, न झाडलेली गच्ची, लोबान, सगळं.

"मी वारा घातला," गुणाबाईने जोड दिली. एकटीवर येऊ नये म्हणून.

सलीलने रुमाल खाली घेतला. "तुम्ही यंत्राला धूर दिलात?"

"लोबान."

"पण का?"

"तुमचा सगळा भरवसा त्याच्यावरच दिसला मले."

मृण्मयी पायरीवर बसली आणि तोंडाला ओढणी लावून हसू लागली. सलील हसला नाही. त्याचा संशय अजून फिटला नव्हता. "पुन्हा करून दाखवा," तो म्हणाला.

मग सगळे वर गेले. खिडक्या उघडल्या. आकडा उतरून पुन्हा माळावर येईपर्यंत सगळे जमिनीवर बसून राहिले, मयतीला बसावं तसे गप्प. मग चिमूटभर लोबान टाकला. यंत्र जांभळं झालं. पुन्हा खिडक्या, पुन्हा चिमूट. तीन वेळा केलं. सलीलने तिन्ही वेळा घड्याळ लावून आकडे लिहिले. लोबान इतक्या शिस्तीत रशिदाच्या सासूच्याही हातून कधी जळला नव्हता.

"आधीच्या दोन गावांत," मृण्मयी म्हणाली, "प्रत्येक घरमालकाने सांगितलं, हवा छान, पाणी छान, शेजार छान. आम्हाला कोणाचंच खरं वाटेना. धूळ आहे, माकडं आहेत, पाइप फुटलाय, असं आपणहून सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या, काकू."

"मी तर तुम्हाले पळवायले सांगत होती."

"खरंच सांगत होतात ना पण?"

सलीलने आणि बायकोने खिडकीशी जाऊन कुजबुज केली, वहीतली पानं मागेपुढे केली आणि ते राहायचं म्हणाले. अटी दोन होत्या. गच्ची झाडायची, धुवायची नाही. आणि लोबान बंद. पहिली अट रशिदाने मानली. दुसरीवर ती म्हणाली, घर सोडते पण गुरुवार सोडत नाही. बरीच घासाघीस होऊन असं ठरलं, की गुरुवारी संध्याकाळी दोन तास यंत्र गुणाबाईकडे राहायला जाईल.

"माह्याकडं चूल हाये," गुणाबाई म्हणाली. "पण येऊ दे बिचाऱ्याले."

होळीच्या दोन दिवस आधी पुण्याहून टेम्पो आला. रशिदाने तो फाटकात शिरताना बघितला आणि आधी आकिबला फोन लावला. "आले. आता दलालाले सांग, येऊ नको."

आकिब खूश होईल असं तिला वाटलं होतं. त्याने चौकशी सुरू केली. "कोण आहेत? काय करतात?"

"बाई गडचिरोलीले बांबूचं काम शिकवाले जाणार हाये. माणूस घरीच राह्यते. सैपाक करते, लॅपटॉप करते."

"घरीच? दिवसभर?" आकिब म्हणाला. "सामान काय काय आणलंय?"

रशिदाने टेम्पोकडे पाहिलं. "आत्ता गांडुळं उतरवून राह्यले."

"काय?"

"गांडुळं. दोन ड्रम. त्याइले कचरा खाऊ घालतात म्हणे. टीव्ही नाई दिसत. पलंग बी नाई."

"अम्मी, मला हे लोक सरळ नाई वाटत." दिवाळीपासून ज्याला अम्मीकडे यायला एक दिवसाची सुट्टी मिळत नव्हती, त्या आकिबचा आवाज एकदम कामाला लागला. "मी शनिवारी येतो. दर शनिवारी येत जाईन काही दिवस. त्यांच्यावर नजर ठेवायला पाहिजे. तू सांग, तुला कसे वाटतात? खरं सांग."

अंगणात सलील गुडघ्यांवर बसून ड्रमचं झाकण उचलत होता आणि प्रवासात फार हादरे बसले म्हणून गांडुळांची माफी मागत होता. मृण्मयी गुणाबाईला चहाला आत ओढत होती, आणि गुणाबाई, हात भाजीचे आहेत, धुऊन येतो, म्हणत होती. इतकी सरळ माणसं रशिदाने आपल्या छप्पन्न वर्षांत पाहिली नव्हती.

तिने फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज खाली आणला.

"मले काय समजते बाबा," ती म्हणाली. "दिसाले तर बरे दिसतात. पण तू येऊन पाह्यलेलं बरं."